दुःखाला गुन्हेगार हवाच का?



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्यांच्याविषयी त्यांचे विद्यार्थी एक आठवण आवर्जून सांगतात. शाळेत काही फुटलं, हरवलं, बिघडलं की गुरुजी आधी विचारायचे, ‘कसं झालं?’ ‘कुणी केलं?’ हा प्रश्न त्यानंतर यायचा, आणि पुष्कळदा यायचाच नाही. आज मी जे बोलणार आहे ते या दोन प्रश्नांमधल्या अंतराविषयी आहे. त्यासाठी मी एक रशियन कादंबरी आणि आपला हॉकीचा संघ अशा दोन गोष्टी शेजारी ठेवणार आहे. त्या एकत्र का आणल्या, हे बोलता बोलता उलगडेल.

सुरुवात आपल्या मराठी रहस्यकथेपासून करू. बाबूराव अर्नाळकरांनी, म्हणजे चंद्रकांत सखाराम चव्हाण यांनी, हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळा पहाड, धनंजय आणि छोटू ही माणसं एकेकाळी महाराष्ट्रातल्या घराघरात नावानिशी ठाऊक होती. भाड्यानं पुस्तकं देणाऱ्या छोट्या दुकानांतून ती तालुक्याच्या गावापर्यंत पोचली. वाचनाची गोडी लागली ती अशा फाटक्या कव्हरांच्या पुस्तकांमुळे, असं सांगणारी माणसं या सभागृहातही असतील. पुढे नारायण धारपांनी ‘समर्थ’ उभा केला. त्याच्या कथांमधलं संकट माणसाच्या हातचं नसतं, ते अमानवी असतं, आणि त्याच्याशी झुंजायला साधनेचं, श्रद्धेचं बळ लागतं. धारपांनी भयकथेत श्रद्धेला फार मानाची जागा दिली.

या पुस्तकांना कमी लेखणारा वर्ग आपल्याकडे मोठा आहे. मी त्या वर्गात नाही. दिवसभर राबून आलेल्या माणसाला कंदिलाच्या उजेडात एक हमी मिळत होती: शेवटच्या पानापर्यंत गुन्हेगार सापडेल. बाहेरच्या जगात पाऊस का पडला नाही, सावकाराचा आकडा कसा वाढला, लेकरू तापानं का गेलं, याचं उत्तर मिळत नव्हतं. पुस्तकात मिळत होतं. हा दिलासा खरा होता. पण याच दिलाशाची सवय जडली की माणूस पुस्तकाबाहेरही शेवटचं पान शोधू लागतो. दुःख आलं, म्हणजे कुणीतरी ते केलं असणार. तो सापडला, की आपण सुटलो.

फ्योदोर दोस्तोयव्हस्कीनं ही सवय ओळखली होती. ‘कारामाझोव बंधू’ 1879 आणि 1880 या वर्षांत एका रशियन मासिकात क्रमशः छापली गेली. तिला जगातली थोर तत्त्वचिंतनात्मक कादंबरी म्हणतात, आणि ती तशी आहेच. पण पहिल्या वाचकांनी ती वाचली ती खुनाची गोष्ट म्हणून. म्हातारा, लंपट, पैसेवाला बाप मारला जातो. तीन हजार रुबल गायब होतात. थोरला मुलगा द्मित्री संतापी, उधळा, बापाशी एका बाईवरून वैर असलेला. त्यानं बापाला मारायची धमकी चारचौघांत दिलेली असते. त्या रात्री तो घराच्या बागेत शिरलेलाही असतो. आणखी काय हवं? पोलीस, वकील, साक्षीदार, सगळे त्याच्याच दिशेनं चालत जातात. ज्यूरीत सरकारी कारकून आहेत, व्यापारी आहेत, शेतकरी आहेत. कुणी लाच खाल्लेली नाही. सगळे मनापासून विचार करतात आणि निरपराध माणसाला दोषी ठरवतात. खून केलेला असतो स्मेर्द्याकोव या स्वयंपाक्यानं, आणि खटल्याच्या आदल्या रात्री तो गळफास घेतो.

आता यात श्रद्धा कुठे आली? मधला भाऊ इवान शिकलेला, बुद्धिवादी. तो धाकट्या भावाला, मठात राहणाऱ्या अल्योशाला, लहान मुलांवरच्या अत्याचाराची एकामागून एक उदाहरणं सांगतो आणि विचारतो: या निरागस लेकरांच्या यातनांवर उभी राहणारी कोणतीही स्वर्गीय व्यवस्था मी का स्वीकारू? श्रद्धेविरुद्ध याहून जोरकस आरोपपत्र मला माहीत नाही, आणि ते लिहिणारा लेखक स्वतः श्रद्धावान होता हे विशेष. 1849 साली त्याला गोळ्या घालण्यासाठी उभं करून, ऐन वेळी शिक्षा बदलून सैबेरियाला पाठवलं होतं. ही कादंबरी मनात घोळत होती त्याच काळात, 1878 च्या मे महिन्यात, त्याचा तीन वर्षांचाही न झालेला मुलगा वारला. त्या मुलाचं नाव अल्योशा. तेच नाव त्यानं कादंबरीतल्या सर्वांत निर्मळ माणसाला दिलं. इवानचा प्रश्न टेबलाशी बसून सुचलेला नाही; लेकरू गेलेल्या बापानं तो लिहिला आहे.

दोस्तोयव्हस्की इवानला युक्तिवादानं उत्तर देत नाही. दुसरीकडे तो एक वृद्ध साधू उभा करतो, झोसिमा. त्याची शिकवण अशी की प्रत्येक जण सगळ्यांसाठी, सगळ्याबद्दल जबाबदार आहे. पहिल्यांदा वाचताना हे वाक्य गोडगोड वाटतं. खुनाच्या गोष्टीच्या उजेडात वाचलं की अंगावर येतं. बाप मारला स्मेर्द्याकोवनं, पण ‘सगळं चालतं’ हे त्याच्या डोक्यात इवाननं भरलेलं. द्मित्रीनं खून केला नाही, पण बाप मरावा ही इच्छा जोपासली. अल्योशाला काहीतरी अघटित घडणार याची चाहूल होती, आणि तो आपल्याच दुःखात बुडाला. गुन्हेगार एक, पण त्या घरात हात झटकून उभं राहता येईल असा कुणीच नाही. रहस्यकथेनं दिलेली हमी लेखक पाळतो, खुनी कोण ते सांगतो, आणि तरीही वाचकाला सुटू देत नाही.

आता दिल्लीला जाऊ. 1 डिसेंबर 1982. आशियाई क्रीडा स्पर्धा, नॅशनल स्टेडियम, हॉकीचा अंतिम सामना, समोर पाकिस्तान. पंतप्रधान इंदिरा गांधी सामना पाहायला आल्या होत्या. देशात रंगीत टीव्ही नुकताच आला होता, आणि जिथे टीव्ही होता तिथे ओसरीवर गर्दी होती. भारतानं सुरुवातीलाच गोल केला. त्यानंतर पाकिस्ताननं एकामागून एक सात केले. निकाल 1–7. भारताच्या गोलमध्ये उभे होते मीर रंजन नेगी.

पुढची कथा तुमच्यापैकी अनेकांना माहीत आहे. नेगींनी पैसे घेतले, ते विकले गेले, ही कुजबुज सामना संपताच सुरू झाली आणि बघता बघता देशभर खरी मानली गेली. सिद्ध काहीच झालं नाही. त्यांची आंतरराष्ट्रीय कारकीर्द तिथंच थांबली.

गुरुजींचा प्रश्न इथे विचारून पाहा: कसं झालं? त्याच वर्षीच्या जानेवारीत, आपल्या मुंबईत, पाकिस्ताननं विश्वचषक जिंकला होता. त्या स्पर्धेत आपण पाचवे होतो. म्हणजे दिल्लीत आपण हरलो ते त्या घडीच्या जगज्जेत्यांकडून. दोनच वर्षांनी त्यांनी ऑलिम्पिक सुवर्णही नेलं. सात गोल एकट्या गोलरक्षकावर होत नाहीत; त्याच्यापुढे बचावफळी असते, मधली फळी असते, पिछाडीवर पडल्यावर सगळ्यांनी पुढे धावायचं की थांबायचं हे ठरवणारे असतात. आणि त्या सगळ्यांच्या मागे आणखी जुनं कारण होतं. 1976 च्या माँट्रियल ऑलिम्पिकमध्ये हॉकी पहिल्यांदा कृत्रिम मैदानावर खेळली गेली आणि तोवर सात सुवर्णं खिशात असलेला आपला संघ सातवा आला. चेंडू वेगळ्या वेगानं पळू लागला, दम वेगळा लागू लागला. गवतावर आणि मातीवर मनगटाची कला शिकलेल्या आपल्या मुलांना सरावासाठी तशी मैदानं देशात मोजकीच होती. 1980 ला मॉस्कोत सुवर्ण मिळालं, पण त्या ऑलिम्पिकवर अनेक देशांनी बहिष्कार घातलेला. त्या पदकानं आपल्याला खरी स्थिती दिसू दिली नाही असं माझं मत आहे.

एवढी सगळी कारणं कोण वाचणार? त्यापेक्षा एक नाव सोपं. द्मित्री कारामाझोवच्या ज्यूरीसारखे आपणही प्रामाणिकपणे, मनापासून, चुकीचा निकाल देऊन मोकळे झालो. आणि तो निकाल लागल्यामुळे कारणं तशीच राहिली. म्हणूनच मला हा प्रश्न केवळ एका माणसावरच्या अन्यायाचा वाटत नाही. गुन्हेगार सापडला की चौकशी थांबते.

ती कशी थांबते हे पुढच्या वर्षांत दिसलं. पुण्याजवळच्या खडकीचा धनराज पिल्ले घ्या. दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीतला, गरीब घरातला मुलगा. मोठ्या खेळाडूंनी टाकून दिलेल्या मोडक्या काठ्यांवर हॉकी शिकला. चार ऑलिम्पिक, चार विश्वचषक, चार आशियाई स्पर्धा खेळला. 1998 मध्ये बँकॉकला त्याच्या नेतृत्वाखाली भारतानं तब्बल 32 वर्षांनी आशियाई सुवर्ण जिंकलं. दक्षिण कोरियाविरुद्ध सामना पेनल्टी स्ट्रोकपर्यंत गेला आणि गोलरक्षक आशिष बल्लाळनं तो तारून नेला. त्या संघाच्या गोलरक्षकांचा प्रशिक्षक कोण होता? मीर रंजन नेगी. सोळा वर्षांनी ते परतले, आणि ज्या जागेवर त्यांचा घात झाला त्याच जागेवर दुसऱ्याला उभं राहायला शिकवलं. तो आनंद फार टिकला नाही. धनराज, बल्लाळ यांच्यासह काही ज्येष्ठ खेळाडूंना महासंघानं लगेच संघाबाहेर ठेवलं. दोन वर्षांनी सिडनीत पोलंडविरुद्ध जिंकलं की उपांत्य फेरी, अशी वेळ होती. शेवटच्या मिनिटांत पोलंडनं बरोबरीचा गोल केला आणि दार बंद झालं. 2008 च्या मार्चमध्ये चिलीतल्या सँटियागोला ब्रिटननं हरवलं, आणि भारताची हॉकी पहिल्यांदाच ऑलिम्पिकला पात्र ठरली नाही. भारताचे प्रशिक्षक, मुंबईचे जोआकिम कार्व्हालो यांनी राजीनामा दिला. पुन्हा एक नाव, पुन्हा एक निकाल. 2012 ला लंडनसाठी पात्र ठरलो आणि बारावे आलो, बारा संघांत.

या काळात 2007 साली ‘चक दे! इंडिया’ हा चित्रपट आला. तो नेगींचं चरित्र नव्हे. पण नेगींनी त्यातल्या नट-नट्यांना हॉकी शिकवली, आणि 2002 मध्ये मँचेस्टरला राष्ट्रकुल सुवर्ण जिंकणाऱ्या महिला संघाबरोबर ते होते. आपल्या कोल्हापूरची सागरिका घाटगे त्या चित्रपटातून पुढे आली. चित्रपटाच्या लेखकानं एक बदल केला, तो मला फार मोलाचा वाटतो: देशद्रोहाचा आळ आलेला कर्णधार मुसलमान दाखवला. घोळक्याला गुन्हेगार हवा असतो तेव्हा तो कुठे आधी शोधला जातो, हे त्या एका बदलानं सांगितलं.

हे चित्रपटातच घडतं असं नाही. 2021 च्या जुलै-ऑगस्टचे दिवस आठवा. टोकियोत आपल्या महिला संघाची वंदना कटारिया हिनं दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तीन गोल केले. ऑलिम्पिकमध्ये अशी हॅटट्रिक करणारी ती पहिली भारतीय महिला. काही दिवसांत संघ उपांत्य सामन्यात अर्जेंटिनाकडून हरला. त्या संध्याकाळी हरिद्वारजवळच्या तिच्या गावी, घरासमोर फटाके फोडले गेले आणि संघात दलित मुली जास्त झाल्या म्हणून हरलो अशी शिवीगाळ झाली, अशी तक्रार तिच्या कुटुंबानं पोलिसांत केली, अटकाही झाल्या. मराठवाड्यातल्या श्रोत्यांना याचा अर्थ समजावून सांगायची गरज नाही. 1978 च्या मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या दंगलीत याच नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे यांना दलित म्हणून मारलं, हे आपल्याला ठाऊक आहे.

मग श्रद्धेचं काय? कंधारात हाजी सय्याह यांच्या दर्ग्यात चादर घेऊन जाणारा आणि माळेगावच्या यात्रेत खंडोबापुढे भंडारा उधळणारा माणूस बहुधा एकच प्रश्न घेऊन गेलेला असतो: हे माझ्याच वाट्याला का? तो प्रश्न मला आदरणीय वाटतो. श्रद्धेची परीक्षा त्यानंतर सुरू होते. ‘का’ला उत्तर मिळालं नाही, तर माणूस कुणाकडे बोट दाखवतो, की हाताला काम लावतो?

30 सप्टेंबर 1993 ची पहाट तुमच्यातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. गणपती विसर्जन करून माणसं दमून झोपली होती. तीन वाजून छप्पन मिनिटांनी किल्लारीची जमीन हादरली. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत मिळून सुमारे दहा हजार माणसं गेली. ज्या रात्री देवाला निरोप दिला त्याच रात्री हे घडलं, म्हणून कितीतरी जणांनी ते पापाचं फळ मानलं. कुणाच्या पापाचं, यावर मग ज्याचं त्याचं बोट वेगवेगळ्या दिशेला. कुणी धरणाला दोष दिला. आणि तिथं कसं झालं हे पाहणाऱ्यांनी ढिगाऱ्याजवळ जाऊन भिंती पाहिल्या. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती, वर माळवदाचा मणामणांचा भार. ऊन-थंडीपासून पिढ्यान्‌पिढ्या सांभाळणारं तेच घर अंगावर आलं. गुन्हेगार कुणीच नव्हता, कारण मात्र होतं. ते समजल्यावर पुढची घरं वेगळी बांधता आली. ज्यांनी आपली माणसं पुरली आणि तरीही नव्या गावात पुन्हा गणपती बसवला, त्यांच्या श्रद्धेपुढे मी नतमस्तक आहे. त्यांना देवाकडून खुलासा मिळालेला नव्हता.

आपल्या परंपरेत असं वागलेली माणसं आहेत. 1630 च्या दुष्काळात तुकोबांची पहिली बायको अन्नावाचून गेली, मुलगा गेला, दुकानाचं दिवाळं वाजलं. देणेकरी समोर होते; त्यांच्या नावाची खतं घरात होती. ज्याच्यावर राग काढावा असे गुन्हेगार कागदावर लिहून ठेवलेले होते. तुकोबांनी आपल्या वाट्याची खतं इंद्रायणीत बुडवली, असं परंपरा सांगते. दुःखानं होरपळलेल्या माणसानं दुःखाची वसुली सोडून दिली. मराठवाड्यात कर्जाच्या कागदाला काय वजन असतं हे जाणणाऱ्यांनी या कृतीचा विचार करावा.

आणि नांदेड तर आपल्या मन्याडच्या खोऱ्यापासून जवळच. गुरू गोबिंदसिंगांचे वडील 1675 मध्ये दिल्लीत शिरच्छेदाला सामोरे गेले. चारही मुलगे गेले, दोन लढाईत, दोन कोवळ्या वयात सरहिंदला. 1708 मध्ये गोदावरीच्या काठी त्यांच्यावरच वार झाले. ते वार करणाऱ्यांना कुणी धाडलं, यावर इतिहासकार लिहीत आले आहेत. रहस्यकथेला पुरेल एवढा मजकूर त्यात आहे. गुरूंनी मात्र अखेरच्या दिवसांत गादी कुणा माणसाला न देता ग्रंथाला दिली. त्यांच्याच नावानं नांदेडला गोल्ड आणि सिल्व्हर कपाची अखिल भारतीय हॉकी स्पर्धा भरते. खालसा हायस्कूलच्या मैदानावर रेल्वेचे, पोलिसांचे, पंजाबचे, मुंबईचे संघ उतरतात. कंधार-लोह्याच्या किती शाळांनी आपली मुलं, आणि मुली, ते सामने दाखवायला नेल्या? माझी विनंती आहे, न्या. शाळेसाठी खेळाचं साहित्य आणायचं झालं तर हॉकीच्या काठ्याही आणा. धनराज मोडक्या काठीवर शिकला, हे कौतुक म्हणून सांगतो तेव्हा ती काठी धड का नव्हती हेही विचारलं पाहिजे.

शेवटी पुन्हा एकदा गोलमध्ये उभ्या असलेल्या माणसाकडे येतो. 25 जुलै 2021, टोकियो. ऑस्ट्रेलियानं भारताला हरवलं. निकाल 1–7. आकडा अगदी तोच. गोलमध्ये होता केरळचा पी. आर. श्रीजेश, 2012 ला बाराव्या आलेल्या संघातही तो होता. त्या रात्री समाजमाध्यमांवर राग निघालाच, पण तो विकला गेला अशी कुजबुज देशभर पसरली नाही. संघानं त्याला काढलं नाही. प्रशिक्षकांनी सात गोल कसे झाले ते बसून पाहिलं, आणि पुढच्या सामन्याला तोच गोलमध्ये उभा राहिला. 5 ऑगस्टला कांस्यपदकासाठी जर्मनीशी गाठ पडली. भारत 5–4 पुढे, घड्याळात शेवटचे काही सेकंद, आणि जर्मनीला पेनल्टी कॉर्नर. श्रीजेशनं तो अडवला. 41 वर्षांनी पदक आलं. तीन वर्षांनी पॅरिसला दुसरं आलं, तेव्हाही तोच होता.

ही तीच स्पर्धा आणि तोच आठवडा, ज्यात वंदनाच्या दारात फटाके फुटले. दोन्ही गोष्टी एकाच देशात, एकाच खेळात घडल्या. मीर रंजन नेगींना 1982 च्या डिसेंबरनंतर पुढचा सामना खेळायला मिळाला असता, तर त्यात ते कसे उभे राहिले असते, हे आता कधीच कळणार नाही.